विश्लेषण : सुपरचार्ज्ड ड्रॅग इंजिनाचे रॉड बेअरिंग पुन्हा पुन्हा का जाते?

इंजिन खोलले, रॉड बेअरिंग घासलेले निघाले, नवा सेट बसवला. चार-सहा धावा झाल्या की तेलात पुन्हा धातूची चमक, खालून पुन्हा ठोका. हे असेच चालू राहिले तर एक दिवस बेअरिंग आपल्या जागेत फिरते, रॉड तुटतो आणि ब्लॉकला भोक पडते. पुलगाव-देवळीकडे ज्याने कापसाची ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे इंजिन एकदा तरी बांधून घेतले असेल, त्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल. भाग तोच आहे. ड्रॅग रेसमध्ये तो काही सेकंदांत थकतो, इतकेच.

ड्रॅग रेस म्हणजे उभ्या गाडीने सरळ पट्ट्यावर मारलेली छोटी धाव, बहुधा पाव मैल म्हणजे सुमारे 402 मीटर. विदर्भातल्या वाचकाने शंकरपट आठवावा : वळण नाही, हिशेब सेकंदाच्या अंशांचा. महाराष्ट्रात अशा शर्यती लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झाल्या आहेत. अमेरिकेतल्या टॉप फ्युएल वर्गात धाव आणखी छोटी, 2008 पासून 1000 फुटांची. पण तिथे इंजिन दोन धावांच्या मध्ये खोलतात आणि बेअरिंग तपासतात. बाकीच्यांना ती चैन परवडत नाही, म्हणून निदान नीट करावे लागते.

बेअरिंग नेमके काय सोसते?

कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक क्रँकशाफ्टच्या जर्नलला धरते, तिथे अर्ध्या बांगडीसारखे दोन शेल असतात. वरचा शेल रॉडमध्ये, खालचा कॅपमध्ये. रेसिंगच्या शेलला पोलादाची पाठ, त्यावर तांब्याच्या मिश्रधातूचा थर आणि सर्वांत वर मऊ, राखाडी मुलामा असतो. हा मुलामा मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांइतका किंवा त्याहूनही पातळ. तांबूस रंग दिसू लागला, म्हणजे मुलामा संपला.

सगळे नीट चालू असताना जर्नल शेलला टेकतच नाही. फिरता जर्नल तेलाला पाचरीसारखे आत ओढतो आणि त्या दाबावर स्वतः तरंगतो. ऑइल पंप जर्नल उचलत नाही, तो फक्त तेल पुरवतो. आता वजन पाहा. 100 मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर 100 बार दाब आला, तर रॉडवर सुमारे आठ टनांचा भार पडतो. सुपरचार्जर जास्त हवा कोंबतो, जास्त इंधन जळते आणि हा आकडा वर जातो.

जुने शेल फेकू नका

सर्वांत मोठी चूक इथेच होते. शेल काढले, डब्यात एकत्र टाकले, भंगारात दिले. खरे तर पुरावा त्यांच्यावरच असतो. काढतानाच सिलिंडरचा क्रमांक आणि वर-खाली अशी खूण करा आणि ते टेबलावर क्रमाने मांडा.

वरचे शेल जास्त घासले असतील, तर भार ज्वलनाचा आहे. बहुतेकदा कारण डिटोनेशन असते : बूस्ट जास्त, इग्निशन फार आधी किंवा मिश्रणात इंधन कमी. स्पार्क प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके आहेत का ते बघा. असतील, तर दोष बेअरिंगचा नाही, ट्यूनिंगचा आहे. मग कितीही महाग सेट आणला तरी तो जाणारच.

खालचे, कॅपमधले शेल गेले असतील, तर आरपीएमकडे बघा. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर जाऊन थांबतो, तेव्हा त्याला परत ओढण्याचा ताण कॅपवर येतो. हा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो : 6000 वरून 8000 आरपीएमला गेलात की जवळजवळ पावणेदोन पट. रॉडचे बोल्ट ताणले गेले असतील, तर तेही इथेच दिसते.

झीज तिरकी असेल, एका शेलची डावी कड आणि दुसऱ्याची उजवी, तर रॉड वाकला आहे. सगळ्या शेलांच्या फक्त कडाच चकाकत असतील, तर क्रँकच्या कोपऱ्यातल्या गोलाईवर शेल चढतो आहे. त्याला चॅम्फर असलेले शेल लागतात. गोल-गोल चरे म्हणजे घाण. मागच्या वेळी बेअरिंग फुटले तेव्हाचा चुरा ऑइल कूलर आणि पाइपांत बसून राहतो आणि नव्या सेटला खातो. कूलर कितीही धुतला तरी भरवसा नाही, तो बदललेला बरा.

गेज ठीक दाखवते, मग तेल कमी कसे?

गाडी पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाइतक्या प्रवेगाने सुटली, तर चेंबरमधल्या तेलाचा पृष्ठभाग 45 अंशांनी कलतो. तेल मागे चढते. धाव संपून ब्रेक आणि पॅराशूट लागले की पुढे धावते. तेवढ्यात पंपाचे तोंड उघडे पडले, तर तो हवा ओढतो. अर्ध्या सेकंदाचा हा खड्डा काट्याच्या गेजवर दिसतोच असे नाही. डेटा लॉगर लागतो. अशा वेळी एक-दोन जर्नल निळे-काळे पडतात, बाकीचे ठीक असतात. उपाय चेंबरमधल्या आडव्या पट्ट्यांचा किंवा ड्राय संपचा.

सगळे शेल सारखेच निस्तेज झाले असतील, तर तेलाचा वास घ्या. मिथेनॉलवर चालणाऱ्या इंजिनाला पेट्रोलच्या जवळपास दुप्पट इंधन लागते. त्यातले काही रिंगांवरून तेलात उतरते आणि तेल दुधाळ होते. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली, तर आनंद मानू नका.

मापे

बांधताना ढोबळ नियम असा : जर्नलच्या दर इंच व्यासामागे एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, इतकी मोकळीक. सुपरचार्ज्ड इंजिनात किंचित जास्त ठेवतात. 2.2 इंचांच्या जर्नलला अडीच ते तीन थाऊ, म्हणजे 0.063 ते 0.076 मिलिमीटर, साधारण केसाची जाडी. हे प्लास्टिगेजच्या दोऱ्यावर सोडू नका, मायक्रोमीटर आणि बोअर गेजने मोजा, तेही कॅपचे बोल्ट पूर्ण ताणून आणि दोन-तीन दिशांनी. मोठे टोक अंडाकृती झाले असेल तर ते तेव्हाच सापडते. ॲल्युमिनियमचे रॉड तापल्यावर पोलादापेक्षा जास्त फुगतात आणि वापराने लांबतात, म्हणून ते ठरावीक धावांनंतर बदलतात. बोल्टसाठी टॉर्क रेंचपेक्षा बोल्ट किती लांबला हे मोजणे खात्रीचे, कारण धाग्यावरच्या तेलानुसार टॉर्कचा अर्थ बदलतो.

पुढचे मेन बेअरिंग एकटेच घासले असेल, तर तो वेगळा विषय आहे : तिथे सुपरचार्जरचा पट्टा क्रँकचे नाक ओढत असतो, रॉडचा त्यात दोष नाही.

इंजिन परत बांधल्यावर पहिल्या दोन धावांनंतर ऑइल फिल्टर कापून त्याच्या कागदाच्या घड्या उलगडून बघा. राखाडी भुकटी थोडी असेल तर चालते. तांबूस चकाकी दिसली, तर तिसरी धाव नको.