लेहमधली तुळस

लेहच्या पोस्टिंगवर निघताना आईने मंजिऱ्यांची पुडी दिली होती. त्यातल्या निम्म्या बिया मी तुपाच्या रिकाम्या डब्यात पेरल्या. ऑगस्टपर्यंत तुळस वीतभर झाली. नोव्हेंबरात थंडी वाढली तसा डबा खोलीत, बुखारीच्या शेजारी ठेवला आणि रोज पाणी घातलं. महिन्याभरात नुसती काडी उरली. थंडीने मारली, असं सगळे म्हणाले. खरं तर मारली मीच.

झोपताना बुखारी विझवायची, हा आपला नियम. म्हणजे संध्याकाळी कोरडी, कडक ऊब आणि पहाटे डब्यातली माती गोठलेली. त्यात खोलीत ऊन नाही. थंडीत रोपाची वाढ थांबते, मुळं पाणी ओढत नाहीत. ओल्या मातीत ती कुजतात.

ही अडचण माझ्या एकट्याची नव्हती. पहिल्या शतकात रोमच्या टायबेरियस बादशहाला रोज काकडी लागे. प्लिनीने लिहून ठेवलंय की त्याचे माळी चाकांवरचे वाफे उन्हात ढकलत आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पत्र्यांखाली ठेवत. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने व्हर्सायला 1684 ते 1686 या काळात संत्र्यांच्या झाडांसाठी इमारत बांधून घेतली. जाड भिंती, दक्षिणेकडे मोठ्या खिडक्या. पेट्यांतली झाडं उन्हाळ्यात बाहेर, हिवाळ्यात आत. दोन्हीकडे मुख्य भर आगीवर नव्हता. दिवसाचं ऊन आत घ्यायचं आणि रात्री ते निसटू द्यायचं नाही, एवढंच.

लेहमध्ये हेच तत्त्व जमिनीत उतरलं. साडेअकरा हजार फुटांवरच्या या गावी 1962 मध्ये डीआरडीओची प्रयोगशाळा सुरू झाली. आज ती डिहार म्हणून ओळखली जाते. हिवाळ्यात खिंडी बंद झाल्या की ताजी भाजी विमानानेच यायची, म्हणून ती इथेच पिकवायची होती. त्यातला साधा उपाय म्हणजे ट्रेंच. सैनिकाला खंदक नवा नाही. सुमारे तीन फूट खोदायचं, वर पॉलिथिन ताणायचं, रात्री त्यावर आणखी एक पांघरूण. खोलवरची माती हवेइतकी लवकर थंड होत नाही. अशा खड्ड्यात पालक, मेथी, कोथिंबीर तग धरतात. तुळशीला मात्र तेवढं पुरत नाही. तिला दंव अजिबात सोसत नाही.

दुसऱ्या वर्षी उरलेल्या बिया पेरल्या. या वेळी हिवाळ्याआधी डबा घेऊन ओळखीच्या एका आमा-लेंकडे गेलो. त्यांच्या घराला दक्षिणेकडे काचेची खोली होती. त्यांनी तुळस कधी पाहिली नव्हती, पण थंडी चांगली ठाऊक होती. दिवसा डबा काचेमागे, सूर्य कलला की आतल्या स्वयंपाकघरात, पण चुलीपासून लांब. पाणी भर दुपारी, माती सुकल्यावरच, तेही वाटीभर. फेब्रुवारीत पानं गळाली. मी आशा सोडली होती. आमा-लेंनी नखाने खोड जरासं खरवडलं. आत हिरवं होतं.

एप्रिलअखेर तीन कोंब फुटले. पुढे बदलीचा हुकूम आला. डबा मी त्यांच्याकडेच ठेवला आणि मंजिऱ्यांची पुडी आईसाठी परत घेऊन आलो.