जुन्या मोटारीची बॅटरी : बदलत्या मानकांच्या इतिहासातील एक निवड

प्रस्तावना

भारतातील मोटारीचा इतिहास लिहिताना कारखाने, परवाने, प्रतीक्षायाद्या आणि नवनवे नमुने यांचा विचार प्राधान्याने केला जातो. गाडी घरात आल्यानंतर ती तीस-चाळीस वर्षे चालती ठेवण्याचा जो दीर्घ व्यवहार आहे, त्याच्या वाट्याला मात्र अभ्यासकांची उपेक्षाच आली आहे. वास्तविक परवाना-पद्धतीच्या काळात एक गाडी अनेकदा दोन पिढ्यांना पुरवावी लागे. त्यामुळे तिची दुरुस्ती आणि सुट्या भागांची निवड हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या व टॅक्सीचालकाच्या अर्थकारणाचाच भाग होता. प्रस्तुत लेखात त्यापैकी एकाच भागाचा, म्हणजे बॅटरीचा, विचार केला आहे. जुन्या गाडीसाठी ‘योग्य’ बॅटरी कोणती, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. परंतु गाडी एका काळातील मानकांनुसार घडलेली असते आणि बाजारातील बॅटरी दुसऱ्या काळातील मानकांनुसार. या दोन काळांचा मेळ घालणे म्हणजे ही निवड होय. तिचे स्वरूप मुंबईच्या फियाट अर्थात प्रीमियर पद्मिनीच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते.

सहा व्होल्टपासून बारा व्होल्टपर्यंत

शिसे-आम्ल बॅटरी मोटारीपेक्षा जुनी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने ती १८५९ मध्ये तयार केली आणि १८८१ मध्ये कामिय फोर याने शिशाच्या पट्ट्यांवर ऑक्साइडचा लेप देण्याची पद्धत काढल्यावर तिचे व्यापारी उत्पादन शक्य झाले. आरंभीच्या पेट्रोल मोटारी हँडल मारून सुरू होत असत. त्यांना बॅटरीची गरज फारशी नव्हती. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला आणि परिस्थिती पालटली. काही क्षणांपुरता शेकडो अँपिअरचा प्रवाह देणे, हे बॅटरीचे मुख्य काम झाले. दिवे व हॉर्न ही त्यानंतरची कामे.

दीर्घकाळ सहा व्होल्टची, म्हणजे तीन घटांची, बॅटरी पुरेशी मानली जाई. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप सहा व्होल्टची होती. पुढे इंजिने मोठी झाली आणि १९५३ ते १९५६ या अल्पावधीत बहुतेक अमेरिकन कारखान्यांनी बारा व्होल्टची पद्धत स्वीकारली. याचे कारण सोपे आहे. तेवढ्याच शक्तीसाठी सहा व्होल्टच्या गाडीत दुप्पट प्रवाह लागतो आणि म्हणून तारही जाड लागते. आज सहा व्होल्टची जुनी जीप बाळगणाऱ्याला याचा अनुभव वेगळ्या रूपात येतो. बारा व्होल्टच्या गाडीसाठी विकली जाणारी बारीक केबल तिला बसवली, की नवीकोरी बॅटरी असूनही स्टार्टर रेंगाळतो आणि दोष मात्र बॅटरीच्या माथी मारला जातो.

ध्रुवांचा प्रश्नही असाच आहे. ब्रिटिश वंशाच्या अनेक गाड्यांत १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बॅटरीचा धन ध्रुव गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असे. नंतर ऋण ध्रुव सांगाड्याला जोडण्याची पद्धत रूढ झाली. ‘काळी तार बॉडीला’ हा आजच्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हातात भिनलेला नियम अशा गाडीला लावला, तर साधे दिवे जळतातच. पण रेडिओ, अ‍ॅमीटर आणि डायनॅमो यांचे गणित उलटे होते.

दुरुस्त होणारी बॅटरी आणि बंद झालेली बॅटरी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट १९७०च्या दशकात ‘पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिला बॅटरी पुरवणारा देशी उद्योगही याच काळात विस्तारत होता. क्लोराइड कंपनीचा (आजची एक्साइड) चिंचवडचा कारखाना १९६९चा आहे. मात्र बॅटरीचा खरा इतिहास कारखान्याइतकाच रस्त्याच्या कडेच्या चार्जिंगच्या दुकानात घडला.

त्या काळातील बॅटरीचा डबा कडक काळ्या रबराचा असे. प्रत्येक घटाला स्वतंत्र झाकण, झाकणांच्या कडा डांबराने सांधलेल्या आणि घटांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर उघड्या दिसत. या रचनेचा अर्थ असा की एक घट ‘बसला’, तर कोणता बसला हे सहा ठिकाणी मोजून ठरवता येई. डांबर तापवून तेवढाच घट उघडता येई आणि प्लेटांचा संच बदलून पुन्हा बंद करता येई. बॅटरीवाल्याची भाषाही याच रचनेतून आली होती. अँपिअर-तासाऐवजी ‘नऊ प्लेटची’, ‘अकरा प्लेटची’ असे तो बोले. हायड्रोमीटरने आम्लाची घनता पाहून (पूर्ण भारित घटात ती साधारण १.२५० ते १.२८० भरते) तो बॅटरी उतरली आहे की संपली आहे, हा भेद सांगे. हा भेद महत्त्वाचा आहे. उतरलेली बॅटरी चार्ज होते, संपलेली होत नाही. पहिलीला दुसरी समजून विकत घेतल्या गेलेल्या बॅटऱ्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. तो ठेवला गेला असता तर मोठाच निघाला असता.

पुढे पॉलिप्रॉपिलीनचा हलका डबा आला. त्यात घटांचे जोड भिंतीतूनच आरपार केलेले असतात आणि वरचे झाकण उष्णतेने एकसंध सांधलेले असते. बॅटरी हलकी झाली, गळती कमी झाली, किंमतही आटोक्यात राहिली. परंतु एका घटाची दुरुस्ती संपली. त्यानंतर आलेल्या ‘मेंटेनन्स फ्री’ बॅटरीत पाणी घालण्याची बुचेही अनेकदा गेली आणि हायड्रोमीटर निरुपयोगी झाला. निदान करणाऱ्या कारागिराच्या जागी हमीपत्र आले. हा बदल केवळ प्रगतीचा मानणे एकांगी ठरेल. गाडी जुनीच राहिली आणि तिला ओळखणारे हात मात्र बाजारातून नाहीसे होऊ लागले.

डायनॅमो आणि कॅल्शियम

जुन्या गाडीच्या संदर्भात सर्वांत कमी चर्चिला गेलेला बदल डब्याच्या आतला आहे. शुद्ध शिसे मऊ असल्याने प्लेटच्या जाळीत पूर्वी अँटिमनी मिसळत असत. अँटिमनीमुळे जाळी बळकट होते, परंतु पाणी लवकर आटते आणि बॅटरी नुसती उभी असतानाही हळूहळू उतरत जाते. यावर उपाय म्हणून कॅल्शियमयुक्त शिसे वापरात आले. पाणी आटणे जवळजवळ थांबले आणि ‘मेंटेनन्स फ्री’ हा शब्द शक्य झाला.

मात्र कॅल्शियमच्या बॅटरीला पूर्ण भारित होण्यासाठी अधिक दाब लागतो, साधारणपणे १४.४ व्होल्ट वा त्याहून थोडा जास्त. आधुनिक अल्टरनेटर तो सहज देतो. जुन्या फियाट-अ‍ॅम्बेसिडरमधील डायनॅमोची गोष्ट निराळी आहे. इंजिन मंद गतीवर असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, कटआउट उघडतो आणि दिव्यांचा भार बॅटरीवर पडतो. एका जुन्या गाडीचे पुढचे-मागचे दिवे मिळून १२० वॅट धरले, तर बारा व्होल्टला दहा अँपिअर होतात. चाळीस अँपिअर-तासाची बॅटरी हा भार चार तास पेलेल, असे भागाकार सांगतो. प्रत्यक्षात ती क्षमता वीस तासांच्या मंद उपशावर, म्हणजे दोन अँपिअरवर, मोजलेली असते. म्हणून चार तास मिळत नाहीत. सिग्नलवर थांबत, हळूहळू सरकत चालणाऱ्या शहरी गाडीत कॅल्शियमची बॅटरी याप्रमाणे सतत अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट साचत जाते आणि हमीच्या मुदतीतच ती निकामी होते. महाग बॅटरी घेऊनही फसवणूक झाल्याची जी भावना जुन्या गाड्यांच्या मालकांत आढळते, तिच्या मुळाशी बहुधा हा विसंवाद असतो. यात विक्रेत्याची लबाडी असेलच असे नाही.

‘मोठी बॅटरी म्हणजे चांगली बॅटरी’ हा समजही येथे टिकत नाही. कोठार मोठे केल्याने आवक वाढत नाही. थंड हवेतील प्रारंभ-प्रवाहाचा आकडाही उणे १८ अंश सेल्सिअसला मोजलेला असतो. मुंबईत त्यापेक्षा इंजिनच्या शेजारची उष्णता बॅटरीचे आयुष्य ठरवते. घरच्या इन्व्हर्टरची जाड प्लेटांची ट्युब्युलर बॅटरी गाडीत बसवणे हे तर चुकीचेच आहे. ती दीर्घकाळ थोडा प्रवाह देण्यासाठी घडलेली असते. स्टार्टरला हवा तो एकदम झटका देण्यासाठी पातळ आणि जास्त प्लेटा लागतात. लिथियमची हलकी बॅटरी आता मिळते; पण तिचा अंतर्गत रोध अत्यल्प असल्याने उतरलेल्या अवस्थेत ती इतका प्रवाह ओढते, की जुना डायनॅमो तापून जळण्याचा धोका असतो.

१९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर जपानी मापेही रुळली. त्यांत बारीक ध्रुव असलेल्या लहान बॅटऱ्या होत्या. अशा बॅटरीच्या ध्रुवावर जुन्या फियाटचे जाड क्लॅम्प सैल बसतात. ते आवळण्यासाठी पत्रा वा खिळा ठोकण्याची युक्ती सर्रास आढळते. सैल जोडावर ठिणगी पडते आणि चार्जिंगचा दाबही वाया जातो. ‘एल’ आणि ‘आर’ या अक्षरांकडे दुर्लक्ष करून बॅटरी घेतली, तर धन ध्रुव विरुद्ध बाजूला येतो, केबल पोहोचत नाही आणि बॅटरी फिरवून बसवली असता ध्रुव वरच्या लोखंडी पट्टीला वा बॉनेटला टेकू शकतो.

टॅक्सी आणि संग्राह्य वस्तू

मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांच्या वयोमर्यादेनुसार ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. उरलेल्या पद्मिनी आता खाजगी मालकांकडे आहेत आणि बहुतांशी उभ्या असतात. येथे बॅटरीची निवड पुन्हा बदलते. टॅक्सी रोज चालत असल्यामुळे अँटिमनीच्या बॅटरीचे आपोआप उतरणे तिला जाणवत नसे आणि पाणी घालण्यास चालक हजर असे. महिन्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीत तीच बॅटरी दर वेळी धक्का मारायला लावते. डायनॅमोचा विचार करता अँटिमनी हवे आणि उभे राहण्याचा विचार करता कॅल्शियम हवे, असा हा पेच आहे. अल्प अँटिमनीची धन जाळी आणि कॅल्शियमची ऋण जाळी असलेली, बुचे उघडणारी ‘हायब्रिड’ बॅटरी आणि सोबत घरच्या विजेवर चालणारा लहान स्वयंचलित चार्जर, ही त्यातल्या त्यात जुळणारी जोडी ठरते. ज्या गाडीत पुढे अल्टरनेटर बसवला गेला आहे, तिला मात्र हा पेच लागू नाही. तिच्या मालकाने आधी इंजिन चालू ठेवून ध्रुवांवरचा दाब मोजावा आणि मग दुकानात जावे.

जुनी बॅटरी त्याच दुकानात परत करण्याचा व्यवहार पूर्वीपासून होताच, कारण शिशाला भाव असतो. २००१ च्या बॅटरी नियमांनी तो उत्पादक व विक्रेते यांच्यावर बंधनकारक केला आणि २०२२ च्या नियमांनी उत्पादकाची जबाबदारी अधिक व्यापक केली. तरीही गल्लीतील भट्टीत शिसे वितळवणाऱ्या हातांपर्यंत ही जबाबदारी पूर्णपणे पोहोचलेली नाही. एके काळी डांबर तापवून घट उघडणारा कारागीरही आपल्या दुकानात तेच शिसे आणि तोच धूर हाताळत होता.