तेल पिळून का निघत नाही?

गेल्या आठवड्यात सासूबाईंचं जुनं शिवणयंत्र माळ्यावरून उतरवलं, तर चाक हलेना. प्रत्येक भोकात दोन-दोन थेंब तेल सोडलं, थोडं थांबले, आणि चाक फिरवता फिरवता एकदम सातवी ब चा वर्ग आठवला.

मी मराठी-इतिहास शिकवणारी. पण विज्ञानाचे सर रजेवर गेले की तो तास माझ्या गळ्यात पडायचा. १९७९ साली अशाच एका तासाला मी फळ्यावर लिहिलं, ‘वंगणामुळे घर्षण कमी होते.’ मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याच्या घरी बैलगाडी होती. म्हणाला, “बाई, गाडीत एवढी पोती भरतात. मग त्या वजनानं वंगण पिळून बाहेर का येत नाही?”

मला उत्तर येत नव्हतं, आणि तसं म्हणायला जीभ रेटली नाही. “पुस्तकात आहे तेवढं लिही,” म्हणून मी त्याला खाली बसवलं. मुलं हसली. त्यानंतर त्यानं माझ्या तासाला कधी हात वर केला नाही.

परवा हे नातवाला सांगितलं. तो इंजिनिअरिंगला आहे. त्यानं वाचायला दिलं आणि मला माझाच विषय सापडला, म्हणजे इतिहास!

माणूस वंगण फार पूर्वीपासून वापरतो. इजिप्तमध्ये जेहुतीहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात एक चित्र होतं, जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीचं. प्रचंड पुतळा घसरगाडीवरून ओढला जातोय आणि एक माणूस पुढे उभा राहून वाटेवर काहीतरी ओततोय. उपयोग ठाऊक होता, कारण नव्हतं.

कारण सापडलं ते एका बुचामुळे. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर हा इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. खाली ४ इंच जाडीचा फिरता आस, वरून भार दिलेलं पितळी बेअरिंग. तेल घालायला त्यानं वरून भोक पाडलं, तर यंत्र चालू होताच तेल उलट भोकातून वर यायला लागलं! त्यानं बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर आली. शेवटी दाबमापक लावला. बेअरिंगवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला १०० पौंड, आणि काटा २०० च्याही पुढे गेला. म्हणजे तेल चिरडलं जात नव्हतं, तेच भार उचलून धरत होतं.

१८८६ मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकांनी त्याचं गणित मांडलं. तेल चिकट असल्यामुळे फिरता आस त्याला आपल्याबरोबर ओढतो. पुढे फट पाचरीसारखी निमुळती होत जाते. तिथे कोंडलेल्या तेलाचा दाब वाढतो आणि वरचा भाग उचलला जातो. यंत्र थांबलं की हा दाब संपतो, आणि धातूला धातू टेकतो.

पण हे झालं घसरणाऱ्या पृष्ठभागांचं. दातेरी चाकं, गोळ्यांची बेअरिंगं यांत दोन भाग अगदी चिंचोळ्या जागी भेटतात. १९१६ मध्ये मार्टिन यांनी हिशेब केला, तर तिथला तेलाचा थर धातूच्या खडबडीतपणाहूनही पातळ निघाला. प्रत्यक्षात मात्र दाते वर्षानुवर्षं टिकत होते! हे कोडं सुटायला १९४० चं दशक उजाडलं. रशियात अर्टेल आणि ग्रुबिन यांनी दोन गोष्टी हिशेबात घेतल्या. एक, त्या दाबाखाली पोलादसुद्धा किंचित चपटं होतं. दोन, तेलाचा घट्टपणा प्रचंड वाढतो. १९५९ मध्ये डाउसन आणि हिगिन्सन यांनी ते गणित नीट सोडवून दाखवलं. हा थर बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ असतो. आपला केस त्याच्या पन्नासपट तरी जाड!

हे सगळं वाचून मी खूश झाले. म्हटलं, मिळालं उत्तर. पण नातू म्हणाला, “आजी, बैलगाडीचं चाक फार हळू फिरतं. एवढ्या भाराखाली इतक्या कमी वेगात पूर्ण थर तयारच होत नाही. थोडं घासतंच. थोडं वंगण चिकटून राहतं, बाकीचं खरंच पिळून निघतं. म्हणून तर पुन्हा पुन्हा घालावं लागतं.”

म्हणजे तो मुलगा निम्मा बरोबर होता. त्यानं घरी बाहेर आलेलं वंगण पाहिलं असणार. मी विचारलंच नाही.

आता तो साठीला टेकला असेल. त्या वर्गातलं कोणी हे वाचत असेल, तर त्याला सांगा, बाईंना उत्तर सापडलंय. आणि त्याचा पुढचा प्रश्न काय होता, तेही विचारा.