अहमदशहाच्या नावाचा रुपया

छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला आणि हातोड्याने पाडलेला मराठी रुपया तिथल्या व्यवहारात आला. भोसल्यांचा सेनापती भास्करपंत याने 1741 मध्ये रतनपूरवर स्वारी केली; 1758 पासून बिंबाजी भोसले तिथे राहून कारभार पाहू लागले. त्याआधीच्या रतनपूरच्या कलचुरींची नाणी मुख्यतः सोन्याची आणि तांब्याची, त्यांवर राजाचे नाव नागरीत. मराठी रुपयावरचा मजकूर मात्र फारसी, आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे.

नवा संग्राहक फसतो तो इथेच. भोसल्यांच्या ओडिशातल्या कटक टांकसाळीचा रुपया अहमदशहा बहादुरच्या नावाने पडे. अहमदशहा 1748 ते 1754 एवढाच काळ गादीवर होता, पण त्याचे नाव पुढेही कित्येक वर्षे ठशावर राहिले. लोकांचा विश्वास ओळखीच्या नाण्यावर, म्हणून टांकसाळी जुनेच नाव चालवीत. तेव्हा नावावरून काळ ठरवू नये.

पाडण्याची रीत कळली की ओळख सोपी होते. चांदीचा वजन केलेला तुकडा दोन ठशांमध्ये ठेवून वर घण मारीत. ठसा तुकड्याहून मोठा असल्याने मजकुराचा काही भाग नाण्याबाहेर जाई, आणि नेमके टांकसाळीचे नाव किंवा साल तुटे. अशा वेळी एकाच ठशाची चार-पाच नाणी शेजारी मांडून मजकूर पुरा करावा लागतो. या छंदातला खरा आनंद तोच. एका बाजूला बादशहाचे नाव आणि हिजरी साल, दुसऱ्या बाजूला राज्यारोहणाचे वर्ष आणि ‘जर्ब’ (पाडले) या शब्दाजवळ टांकसाळ. त्रिशूळ, अंकुश यांसारखी चिन्हे टांकसाळ ठरवायला फार उपयोगी पडतात. वजन साधारण 11 ग्रॅम भरते. कडेवर साच्याची शिवण दिसली तर ते नाणे ओतीव, म्हणजे बनावट. सराफांनी कस पाहण्यासाठी मारलेल्या बारीक छापा मात्र दोष नव्हेत. नाणे बाजारात फिरल्याची ती साक्ष आहे.

1835 मध्ये कंपनीचा एकसारखा यंत्रावरचा रुपया आला, 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि जुने रुपये हळूहळू मोडीत निघाले. काही मात्र छत्तीसगडी बायकांच्या रुपिया माळेत, म्हणजे नाण्यांच्या हारात, टिकले. म्हणून रायपूरच्या गोल बाजार आणि सदर बाजार परिसरात जुना रुपया हाती आला, तर कडी जोडताना दिलेला डाग आधी पाहावा. डाग घासून काढू नये. त्यासोबत अक्षरेही जातात. जमिनीत सापडलेला साठा 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. तुलनेसाठी 1875 मध्ये स्थापन झालेले रायपूरचे महंत घासीदास स्मारक संग्रहालय जवळच आहे.