कृशाला जपावे

मधुमेह हा श्रीमंतांचा, खात्यापित्या घरचा आजार, हा समज आपल्याकडे कितीतरी पिढ्या चालत आला आहे. मधुमेह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गादीवर बसून हिशेब पाहणारा शेठ येतो, नाहीतर जेवण झाल्यावर आडवा होणारा मालगुजार. मी स्वतः अठरा वर्षांपासून मधुमेही आहे आणि शेठही नाही, मालगुजारही नाही. त्यामुळे या आजाराचा इतिहास वाचताना एक प्रश्न मी नेहमी मनात ठेवला. या इतिहासात गरीब माणूस कुठे आहे?

तो अगदी सुरुवातीलाच भेटतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक जन्मतः येणारा, म्हणजे सहज. दुसरा चुकीच्या आहारविहारातून होणारा, म्हणजे अपथ्यातून आलेला. पहिल्याचा रुग्ण कृश असतो, त्याला तहान फार लागते. दुसऱ्याचा रुग्ण अंगाने भरलेला, खूप खाणारा, बसून-झोपून राहणारा. आज डॉक्टर ज्यांना टाइप एक आणि टाइप दोन म्हणतात, त्यांच्याशी हे वर्णन बरेच जुळते. पुढे ग्रंथकार उपाय सांगतो आणि तो सांगताना रुग्णाची ऐपत पाहतो. ज्याच्याकडे पैसा नाही, त्याने पायात जोडा आणि डोक्यावर छत्री न घेता, भिक्षा मागत, एका गावात एकच रात्र राहत शंभर योजने चालावे. धनवानाने सावा, देवभात अशी रानधान्ये आणि आवळ्या-कवठासारखी फळे खाऊन राहावे. बाकीच्यांनी शेत नांगरावे किंवा विहीर खणावी. एवढे सगळे झाल्यावर एक छोटीशी सूचना येते. जो कृश आहे, त्याला मात्र सतत जपावे.

जपावे, पण कसे? याचे उत्तर पुढे दीड-दोन हजार वर्षे कुणापाशीच नव्हते. युनानी हकीम या आजाराला ‘जियाबीतुस’ म्हणत. इब्न सीनाने (९८०–१०३७) आपल्या ‘कानून’ या ग्रंथात त्याची लक्षणे नोंदवली. लंडनच्या थॉमस विलिसने सतराव्या शतकात रुग्णाच्या लघवीचा गोडवा जिभेने तपासला. आपल्या वैद्यांनी तर त्याच्या कितीतरी आधी लघवीकडे धावणाऱ्या मुंग्या पाहिल्या होत्या. रोग सर्वांना ओळखता येत होता. स्थूल रुग्णाला चालवून, कमी खाऊ घालून काही वर्षे काढता येत. कृश मूल मात्र हाती लागत नव्हते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेच्या फ्रेडरिक अॅलन या डॉक्टरची उपासमारीची पद्धत हाच उत्तम उपचार मानला जाई. मुलांना जगापुरते अन्न द्यायचे आणि मरण काही महिने पुढे ढकलायचे.

१९२१च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडापासून अर्क काढला. जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञाने तो शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले गेले. त्याचे वजन तीस किलोच्या आत आले होते. पहिला अर्क नीट शुद्ध नव्हता, त्याचा फारसा उपयोग झाला नाही. २३ जानेवारीला पुन्हा टोचले आणि साखर उतरली. तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. १९२३चे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. बँटिंगने आपल्या वाट्याची रक्कम बेस्टबरोबर आणि मॅक्लिऑडने कॉलिपबरोबर वाटून घेतली.

मला त्या पारितोषिकाहून एक छोटा व्यवहार मोठा वाटतो. इन्सुलिनच्या पेटंटचे हक्क शोधकर्त्यांनी प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाच्या हवाली केले. हे औषध कुणा एकाच्या मुठीत राहू नये, हा त्यामागचा हेतू. कृशाला जपण्याचे साधन शेवटी सापडले होते आणि सापडवणाऱ्यांनी ते जवळजवळ दान करून टाकले होते. मग ते सगळ्यांपर्यंत पोचले का? इथून पुढचा इतिहास या प्रश्नाचा आहे.

पहिली अडचण कच्च्या मालाची होती. साठ वर्षे इन्सुलिन गाय-बैल आणि डुक्कर यांच्या स्वादुपिंडांपासून बनत होते. म्हणजे हिंदू आणि मुसलमान, दोघांच्याही घरात कुपी उघडताना मनात खळबळ व्हावी, असाच हा मामला. आमच्या धर्मशास्त्रात जीव वाचवण्यासाठी नाइलाज असेल तर निषिद्ध वस्तूचीही मुभा आहे, आणि पुष्कळ उलेमांनी त्याच आधाराने हे औषध घेण्यास संमती दिली. १९७८ साली अमेरिकेत जनुकतंत्राने जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतले गेले आणि १९८२मध्ये ते बाजारात आणण्यास परवानगी मिळाली. २००३ साली वोक्हार्ट या आपल्या मुंबईच्या कंपनीने यीस्टच्या साह्याने बनवलेले मानवी इन्सुलिन भारतात आणले. जनावरांचा प्रश्न अशा रीतीने मागे पडला.

दुसरी अडचण रोजच्या मोजणीची. आजची तरुण मुले बोटाला सुई टोचून पाच सेकंदांत आकडा पाहतात. त्यांना कदाचित ठाऊक नसेल, पण आधीच्या पिढीच्या घरांत सकाळी मोरीजवळ स्पिरिटचा दिवा, काचेची नळी आणि बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची बाटली असे. पाच मिलिलिटर द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचे. रंग निळा राहिला तर दिवस बरा. हिरवा, पिवळा, नारिंगी झाला तर साखर चढत गेलेली. विटकरी झाला की घरात सगळे गप्प. इंजेक्शनची काचेची सिरिंज रोज उकळायची, सुई दगडावर घासून धार लावायची. हे काम बहुधा घरातली बाई करी. मधुमेहाच्या इतिहासात तिचे नाव कुठे छापलेले नाही, पण नवऱ्याचे, सासऱ्याचे, मुलाचे वय तिने अशी सुई उकळून वाढवलेले आहे.

रक्त मोजणारे यंत्र १९७०च्या सुमारास अमेरिकेत आले, तेही आधी डॉक्टरांसाठी. घरी वापरायचे यंत्र ऐंशीच्या दशकात रुळू लागले. १९६८ साली तेहरानमधल्या सॅम्युअल रहबर या शास्त्रज्ञाने मधुमेही रुग्णांच्या रक्तातले एक वेगळे हिमोग्लोबिन नोंदवले. आज आपण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी ‘एचबीएवनसी’ चाचणी करतो, तिचा पाया तो. चाचणीच्या आदल्या आठवड्यात पथ्य पाळून डॉक्टरांना खूश करण्याची सोय या चाचणीने बंद केली! साखर आटोक्यात ठेवली तर डोळे, मूत्रपिंडे आणि नसा वाचतात, हे १९९३ आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील व ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासांनी सिद्ध केले. म्हणजे रोजची कटकट फुकट जात नाही, याला पुरावा मिळाला.

मोजता येऊ लागले म्हणून धर्मही सोपा झाला. रमजानात आमच्या मोमिनपुऱ्यात रात्रभर बाजार जागा असतो आणि ईदला शीरखुर्म्याशिवाय पाहुणा परत जात नाही. आजाऱ्याला रोजाची सूट कुराणातच आहे, तरी मधुमेही माणसे रोजे धरतातच. २००१ साली तेरा देशांत बारा हजारांवर मुस्लिम मधुमेहींची पाहणी झाली. टाइप दोनच्या सुमारे ७९ टक्के आणि टाइप एकच्या ४३ टक्के लोकांनी किमान पंधरा दिवस रोजे ठेवले होते. त्या महिन्यात साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढलेले दिसले. आता डॉक्टर रमजानच्या महिना-दोन महिने आधीच गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळा बदलून देतात. बोट टोचून रक्त पाहिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक आलिम सांगतात. साखर फार खाली गेली तर रोजा सोडावा, हेही सांगतात. चतुर्थी-एकादशी धरणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू आहे. साबुदाण्याला उपवास कळतो, साखरेला कळत नाही.

आता पुन्हा त्या कृश मुलाकडे येऊ. टाइप एक झालेल्या मुलाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. ते आयुष्यभर बाहेरून द्यावे लागते. दिवसाला तीन टोचण्या धरल्या तरी वर्षाच्या हजारावर होतात. इन्सुलिन, सिरिंज, तपासणीच्या पट्ट्या, डॉक्टरकडे येण्याजाण्याचे एसटीचे भाडे आणि त्या दिवशीची बुडालेली मजुरी. यवतमाळ किंवा गडचिरोलीच्या शेतमजुराने हे किती वर्षे करावे? एका डॉलरला दिलेले औषध त्याच्या झोपडीच्या दाराशी येऊन थांबत होते. आणि आजारी पडलेली मुलगी असेल तर, कटू असले तरी खरे आहे, घरातले पैसे तिच्यापर्यंत यायला आणखी वेळ लागतो.

नागपूरने या प्रश्नाला एक उत्तर दिले आहे, त्याची नागपूरकरांना असावी तेवढी माहिती नाही. येथील मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ साली ‘ड्रीम ट्रस्ट’ सुरू केला. टाइप एक मधुमेह झालेल्या गरीब घरांतील मुलामुलींना इन्सुलिन, सिरिंज आणि तपासण्या विनामूल्य द्यायच्या, आणि त्यांना व घरच्यांना या आजारासोबत जगायचे शिक्षणही द्यायचे, असे हे काम. देशातल्या-परदेशातल्या अनेक दात्यांनी त्याला हातभार लावला. टोरांटोत औषध सापडल्यानंतर त्र्याहत्तर वर्षांनी विदर्भातल्या कृश मुलाला जपण्याची एक पद्धतशीर सोय झाली.

औषध मिळाले तरी ते सांभाळायचे कसे, हा पुढचा प्रश्न. इन्सुलिनला गारवा लागतो आणि आपला मे महिना सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्या घरी फ्रीज नाही, तो काय करणार? मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवायचे, मधल्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवायची, आणि आतल्या मडक्यात कुपी पाण्यापासून जपून ठेवायची. पाणी वाफ होऊन उडताना उष्णता शोषून नेते. कोरड्या हवेत हे उत्तम चालते, आणि विदर्भाच्या उन्हाळ्याइतकी कोरडी हवा दुसरीकडे शोधावी लागेल. ज्या तत्त्वावर आपला माठ चालतो, त्याच तत्त्वावर हे इन्सुलिनचे घर. फ्रीज असलेल्यांनी मात्र कुपी बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन कामाचे राहत नाही. आणखी एक गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक कुप्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, त्यांना लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० युनिटची सिरिंज वेगळी. या दोहोंची अदलाबदल जिवावर बेतू शकते.

सुश्रुताच्या एका सूचनेला मात्र आजचे डॉक्टर हात जोडून नाही म्हणतात. ती म्हणजे अनवाणी चालणे. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. खडा रुतला, फरशीने भाजले तरी कळत नाही. जखम चिघळते आणि शेवटी पाय कापावा लागतो. डॉ. पेंडसे यांचा मधुमेही पायावरचा सचित्र ग्रंथ २००३ साली प्रसिद्ध झाला, आणि टांझानियाचे डॉ. अब्बास यांच्यासह त्यांनी भारत व टांझानियात डॉक्टर-परिचारिकांना पाय वाचवण्याचे प्रशिक्षण देण्याचा उपक्रम चालवला. आपल्याकडे देवळात, दर्ग्यात, मशिदीत जोडे बाहेर काढावे लागतात. ताजबागेत दुपारी जाणाऱ्या मधुमेहीने ऊन उतरल्यावर जावे, पायात मोजे घालावेत आणि घरी आल्यावर तळवे आरशात पाहावेत. बाबा रागावणार नाहीत.

आणि हा आजार श्रीमंतांचाच, या समजुतीचे काय? तिला पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जोरदार धक्का दिला. १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा त्यांनी अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या हडकुळ्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी मात्र टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. मातेच्या पोटात असताना झालेल्या उपासमारीची ही खूण, आणि पुढे मधुमेहाला निमंत्रण. २००४ साली त्यांनी एका ब्रिटिश सहकाऱ्यासोबत स्वतःचेच छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखे, पण चरबी ब्रिटिशाची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के!

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. एवढे शेठ आणि मालगुजार या देशात कधीच नव्हते. यातले पुष्कळ लोक सकाळी टपरीवर तर्री-पोहे खाऊन कामाला जाणारे आहेत.

१४ नोव्हेंबर हा बँटिंगचा जन्मदिवस, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो. त्या दिवशी शाळेत मुलांना खाऊ वाटताना वर्गात एखादे फार बारीक झालेले, सारखे पाणी पिणारे, पुन्हा पुन्हा लघवीला जाणारे मूल दिसते का, एवढे शिक्षकांनी पाहावे आणि दिसले तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे. उशीर झाला तर असे मूल बेशुद्ध होऊनच दवाखान्यात पोचते. औषध शंभर वर्षांपूर्वी सापडले आहे. जपणारा माणूस वेळेवर भेटला पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)