शिल्डनचे ‘रॉकेट’

इंग्लंडच्या ईशान्येस डरहॅम परगण्यात शिल्डन नावाचे एक लहानसे गाव आहे. विलायतेस जाणाऱ्या प्रवाशाच्या टिपणवहीत लंडनचा किल्ला असतो, शेक्सपियरचे जन्मग्राम असते. शिल्डनचे नाव बहुधा नसते. तथापि आगगाडीच्या इतिहासात या गावाला जो मान आहे, तो मोठमोठ्या नगरांनाही लाभलेला नाही. २७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉक्टन आणि डार्लिंग्टन रेल्वेच्या पहिल्या गाडीस जॉर्ज स्टीफन्सन याचे ‘लोकोमोशन’ एंजिन जोडण्यात आले, ते याच ठिकाणी. पुढे त्या रेल्वेचा कारखाना येथेच वाढला. २००४ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाची एक शाखा येथे उघडण्यात आली व तिला त्या जुन्या एंजिनाचेच नाव देण्यात आले. २०२३ सालापासून या संग्रहालयात जगातील बहुधा सर्वांत विख्यात असे ‘रॉकेट’ एंजिन ठेवलेले आहे.

हे एंजिन पाहावयास आलेल्या नवख्या माणसाची पहिल्या दर्शनी निराशा होते. शाळेतल्या पुस्तकात त्याने पाहिलेले ‘रॉकेट’ पिवळे धमक असते, त्याचे उंच धुराडे पांढरे शुभ्र असते, आणि दोन्ही बाजूंचे सिलिंडर मोठ्या ऐटीत तिरपे वर उचललेले असतात. समोर उभे असते ते मात्र एक काळवंडलेले, अंगावरचे लेणे उतरून ठेवल्यासारखे दिसणारे लोखंडी धूड. पिवळ्या रंगाचा मागमूस नाही. सिलिंडर तिरपे नसून जवळजवळ आडवे आहेत. इतके नामांकित यंत्र, आणि त्याला साधा रंगाचा हात देऊन पूर्वीसारखे का करीत नाहीत, असा प्रश्न मनात उभा राहतो. प्रश्न भाबडा वाटला तरी तसा नाही. त्याचे उत्तर शोधावयाचे तर १८२९ सालापर्यंत मागे जावे लागते.

लिव्हरपूल आणि मँचेस्टर या दोन शहरांमध्ये लोहमार्ग घालण्याचे काम त्या वेळी पुरे होत आले होते. परंतु त्यावरून गाड्या ओढावयाच्या कशाने, याविषयी संचालकांचे एकमत होत नव्हते. वॉकर आणि रॅस्ट्रिक या दोन एंजिनिअरांनी त्याच वर्षी अहवाल देऊन असे सुचविले होते की, मार्गावर ठराविक अंतराने स्थिर एंजिने बसवावीत व त्यांनी दोराच्या साहाय्याने गाड्या ओढाव्यात. विहिरीवरच्या मोटेचाच हा प्रकार, फक्त आडवा. फिरते एंजिन तोवर कोळशाच्या खाणींतून काम करीत होते, पण ते फार कोळसा खाई, वारंवार मोडे, आणि घोड्याहून फारसे वेगाने जातही नसे. जॉर्ज स्टीफन्सनचा भरवसा मात्र फिरत्या एंजिनावरच होता. अखेरीस संचालकांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले आणि लिव्हरपूलजवळ रेनहिल येथे ऑक्टोबर १८२९ मध्ये एंजिनांची परीक्षा ठेवली.

परीक्षेचे नियम कडक होते. एंजिनाने स्वतःचा धूर स्वतःच जाळला पाहिजे. सहा चाकांचे एंजिन सहा टनांहून व चार चाकांचे साडेचार टनांहून जड असता कामा नये. स्वतःच्या वजनाच्या तिप्पट ओझे त्याने ताशी १० मैलांच्या वेगाने ओढले पाहिजे. बॉयलरातील वाफेचा दाब चौरस इंचास ५० पौंडांपेक्षा अधिक चालणार नाही. आणि किंमत ५५० पौंडांच्या आत हवी. दीड मैलाच्या सपाट मार्गावर वारंवार येरझारा घालून लिव्हरपूल ते मँचेस्टर आणि परत एवढे अंतर तोडावयाचे होते. परीक्षकांत रॅस्ट्रिक होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याने दोराची शिफारस केली, त्याच्यापुढेच फिरत्या एंजिनाला आपली लायकी सिद्ध करावयाची होती.

हजारो लोक हा सामना पाहावयास लोटले. प्रत्यक्ष उतरली ती पाच यंत्रे. त्यांतले ‘सायक्लोपेड’ हे तर एंजिनच नव्हते. आत एक घोडा पट्ट्यावर चालत असे व त्याच्या चालीने चाके फिरत. ‘पर्सिव्हरन्स’ला वेगच साधेना. लंडनच्या ब्रेथवेट आणि एरिक्सन यांचे ‘नॉव्हेल्टी’ हलके, देखणे व भलतेच चपळ होते आणि प्रेक्षकांची मर्जी त्याच्यावर बसली होती. परंतु त्याच्या नळ्या फुटल्या आणि त्याला माघार घ्यावी लागली. राहिली दोन : न्यूकॅसलच्या कारखान्यात रॉबर्ट स्टीफन्सन याच्या देखरेखीखाली तयार झालेले ‘रॉकेट’, आणि याच शिल्डन गावी टिमथी हॅकवर्थ याने रेल्वेची नोकरी सांभाळून बांधलेले ‘सांपारेई’.

हॅकवर्थचे एंजिन नियमापेक्षा जड भरले, तरी त्याला धावू देण्यात आले. काही फेऱ्या त्याने चांगल्या केल्या. मग पाणी भरणारा पंप बिघडला आणि त्याचा डाव संपला. पुढे त्याच्या एका सिलिंडरला तडा गेल्याचे दिसून आले, आणि तो सिलिंडर ओतला होता प्रतिस्पर्धी स्टीफन्सनच्याच कारखान्यात! हॅकवर्थच्या पक्षपात्यांनी हा संशय पुढे पुष्कळ वर्षे जागता ठेवला. तो सिद्ध झाला नाही. अशा बाबतीत हरलेल्याच्या मनात किंतु राहणे स्वाभाविक आहे. आणि एवढे खरे की, शिल्डनचे यंत्र ओढावयास कमी पडले म्हणून हरले नाही.

‘रॉकेट’ मात्र न मोडता, न थांबता सगळ्या फेऱ्या पूर्ण करून उभे राहिले. ओझे ओढताना त्याचा सरासरी वेग ताशी सुमारे १२ मैल पडला. ओझे सोडल्यावर ते ताशी सुमारे ३० मैलांपर्यंत गेले. त्या काळी इतक्या वेगाने धावणारे दुसरे काही वाहन जमिनीवर कोणी पाहिलेले नव्हते. या यशाचे रहस्य बॉयलरात होते. पूर्वीच्या एंजिनांत भट्टीतील ज्वाळा पाण्यामधून जाणाऱ्या एखाददुसऱ्या जाड नळीतून धुराड्याकडे जात. पुष्कळशी उष्णता तशीच वाया जाई. ‘रॉकेट’मध्ये तीन इंच व्यासाच्या २५ तांब्याच्या नळ्या पाण्यातून नेल्या होत्या. एका मोठ्या हंड्याऐवजी तेवढेच पाणी अनेक लहान भांड्यांत वाटून चुलीवर चढविले, तर ते लवकर उकळते. त्यातलाच हा प्रकार. ही कल्पना कंपनीचा चिटणीस हेन्री बूथ याने सुचविली होती. शिवाय वापरलेली वाफ धुराड्यात सोडल्यामुळे भट्टीला आपोआप भाता मिळे. एंजिन जितके जोराने धावे, तितकी भट्टी अधिक फुले. या दोन गोष्टी पुढे वाफेच्या एंजिनाला त्याच्या अखेरच्या दिवसांपर्यंत सोडून गेल्या नाहीत.

येथे जॉर्ज स्टीफन्सनविषयी दोन शब्द सांगावेसे वाटतात. खाणीवरच्या बंबवाल्याचा हा मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत निरक्षर होता. दिवसभर राबून रात्रीच्या शाळेत तो अक्षरे आणि अंकगणित शिकला. आपल्याला जे मिळाले नाही ते मुलाला मिळावे म्हणून त्याने रॉबर्टला न्यूकॅसलच्या शाळेत घातले, आणि मुलगा जे शिकून येई ते संध्याकाळी बापही त्याच्याबरोबर शिके. ‘रॉकेट’ हे या बापलेकांच्या जोडअभ्यासाचे फळ होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

आता पिवळ्या रंगाच्या प्रश्नाकडे वळू. चित्रातले ‘रॉकेट’ हे रेनहिलच्या परीक्षेतले ‘रॉकेट’ होय. आणि त्या रूपात ते फार दिवस राहिलेच नाही. तिरप्या सिलिंडरांमुळे वेगात ते वर-खाली हिंदकळे. म्हणून लवकरच सिलिंडर खाली आणून जवळजवळ आडवे बसविण्यात आले. इतर सुधारणाही होत गेल्या. कंपनीने नवी एंजिने मागविली ती आणखी सुधारलेली होती, आणि १८३० साली ‘प्लॅनेट’ आले तेव्हा जेमतेम वर्षाचे ‘रॉकेट’ म्हाताऱ्यांत जमा झाले. १५ सप्टेंबर १८३० रोजी मार्गाच्या उद्घाटनाच्या दिवशी तर त्याच्या नावावर एक दुर्दैवी प्रसंग जमा झाला. पार्कसाइड येथे पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांची गाडी पाण्यासाठी थांबली असता लिव्हरपूलचे पार्लमेंट सभासद विल्यम हस्किसन खाली उतरून ड्यूकशी बोलावयास गेले. इतक्यात शेजारच्या रुळावरून ‘रॉकेट’ आले. हस्किसन गोंधळले, डब्याच्या दाराला लोंबकळले आणि रुळावर पडले. त्यांचा पाय चिरडला, व त्याच रात्री त्यांचा अंत झाला. आगगाडीचा वेग किती, याचा अंदाज मनुष्याच्या डोळ्यास अद्याप बसला नव्हता.

१८३४ साली त्याच्यावर एका नव्या तऱ्हेच्या फिरत्या यंत्राचा प्रयोग झाला, तो फसला. १८३६ साली ते ३०० पौंडांना विकले गेले व उत्तरेकडे लॉर्ड कार्लाइल यांच्या खाणीच्या मार्गावर कोळसा ओढू लागले. अखेरीस तेथेही ते निकामी झाले. अशा वेळी यंत्राचे जे होते तेच त्याचेही व्हावयाचे, म्हणजे हातोड्याखाली जाऊन भंगार व्हावयाचे; पण तसे झाले नाही, याचे श्रेय मालकांच्या जिव्हाळ्याला आणि बेनेट वुडक्रॉफ्ट नावाच्या गृहस्थाला आहे. लंडनच्या पेटंट कचेरीत काम करणाऱ्या या मनुष्याने त्या कचेरीच्या संग्रहालयासाठी जुनी यंत्रे जमविण्याचा ध्यास घेतला होता. १८६२ साली ‘रॉकेट’ त्याच्या संग्रहालयास भेट मिळाले. तोपर्यंत त्याचे कित्येक भाग गळून गेले होते. त्याच वर्षी त्याहूनही जुने ‘पफिंग बिली’ एंजिन त्याने आणविले. हॅकवर्थचे ‘सांपारेई’ही, एका खाणीवर स्थिर एंजिन म्हणून राबून झाल्यावर, १८६४ साली तेथे पोहोचले. जुने लोखंड वजनावर विकावयाचे, असे मानणाऱ्या त्या काळात ही दृष्टी विरळा होती.

पिवळे ‘रॉकेट’ ज्यांना पाहावयाचे आहे त्यांची सोयही झालेली आहे. हेन्री फोर्डने १९२९ साली आपल्या संग्रहालयासाठी एक प्रतिकृती करविली. १९७९ साली प्रत्यक्ष चालणारी दुसरी झाली. मुलांना दाखवावयास त्या उत्तम आहेत. मूळ एंजिनाला मात्र कोणी रंग लावला नाही, आणि ते योग्यच झाले. १९९९ साली मायकेल बेली आणि जॉन ग्लिथेरो या दोन अभ्यासकांनी त्याची बारकाईने तपासणी केली. यातला कोणता भाग रेनहिलचा, कोणता नंतर बदललेला, दुरुस्ती कोठे कशी झाली, याचा छडा त्यांनी त्या लोखंडावरूनच लावला. जुन्या दस्तऐवजावर कोणी नवी शाई फिरविली असती, तर हे वाचता आले नसते.

महाराष्ट्रीय प्रेक्षकाला या एंजिनासमोर उभे असता आणखी एक आठवण झाल्यावाचून राहणार नाही. रेनहिलनंतर २४ वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला २१ मैलांची पहिली गाडी गेली. १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे. ज्या कंपनीची ही गाडी, त्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या उभारणीस जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या मुंबईकरांचा हातभार होता, आणि तिचा मुख्य एंजिनिअर जेम्स बर्कली याला येथे पाठविण्याची शिफारस रॉबर्ट स्टीफन्सनने केली होती. गाडी ओढणारी ‘साहिब’, ‘सिंध’ आणि ‘सुलतान’ ही एंजिने व्हल्कन फाउंड्रीत तयार झालेली. हा कारखाना त्याच लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गाच्या काठी उभा होता व आरंभीच्या काळात रॉबर्ट स्टीफन्सन त्यात भागीदारही होता. घराणे एकच, असे म्हणावयास हवे.

बंगालच्या बाजूचे १८५५ सालचे ‘फेअरी क्वीन’ सुदैवाने टिकले. १९९७ साली ते पुन्हा रुळावर धावले. मुंबईच्या त्या तीन एंजिनांपैकी मात्र आज एकही पाहावयास मिळत नाही. शिल्डनला ‘रॉकेट’चा एखादा खिळा मूळचा की मागाहूनचा, यावर विद्वान लोक वाद घालतात, ‘सिंध’विषयी असा वाद घालावयास एक खिळाही उरलेला नाही.