तळटीप : ‘बोर्ड’
१. बोर्ड : या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ लाकडी फळी, परंतु फळीचे मेज झाले, मेजावरील अन्नासही तेच नाम प्राप्त झाले (‘बोर्डिंग’ हा विद्यार्थ्यांच्या परिचयाचा शब्द याच अर्थातून आलेला आहे), आणि अखेरीस मेजाभोवती मसलतीस बसणाऱ्या सभासदांचे मंडळही त्याच संज्ञेने ओळखले जाऊ लागले. जहाजाच्या कडेसही हाच शब्द असल्याने गलबतावर चढणे, असाही त्याचा प्रयोग रूढ आहे. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डांची रचना झाली, आणि सडका, शाळा, दवाखाने यांचा कारभार त्यांच्याकडे आला. प्रस्तुत प्रकरणात ‘बोर्डाचा हुकूम’ असे जेथे येते, तेथे वाचकांनी जिल्हा लोकल बोर्डाचाच हुकूम समजावा. — संपादक